कोरम नसलेलं घर

४ मार्च

प्रिय भोंग्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांची तब्येत त्यांच्या वयाला शोभेल अशी आहे. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प बसतो. तू दुरुस्त करतोस त्या लिफ्ट हिवाळ्यात फार बंद पडतात असं लिहिलंस. लोक अडकतात तेव्हा तू बाहेरून त्यांच्याशी बोलत राहतोस, हे वाचून मला हसू आलं. तुला बोलायला माणसं लागतातच, ती अडकलेली असली तरी चालतात.

सरकार पडलं ही बातमी तुला माझ्याआधी कळली असणार. आनंदही झाला असणार, तो तू पत्रात दोन ओळींत आटोपलास, हे बरं केलंस. इकडे काय झालं ते मी माझ्या खिडकीतून सांगते. तुझी माणसं खुर्चीत बसली आणि आठवड्याभरात आमच्या रंगाच्या कारखान्यात रांग लागली. सगळ्यांना पिवळा हवा. शाळेचं फाटक पिवळं, पुलाचे कठडे पिवळे, बसथांब्यावरची बाकं पिवळी. बाबांच्या पक्षाच्या लाल रंगाचे डबे गाड्या भरभरून परत आले. सीलसुद्धा न फोडलेले. गोदामात पाय ठेवायला जागा नाही.

नव्या खात्याचा एक साहेब नमुना बघायला आला. तरुण होता, बूट नवे होते. म्हणाला, "बाई, हा पिवळा जरा जास्तच हसरा वाटतो. थोडा गंभीर करता येईल?" त्याने स्वतःच सुचवलं, काळा घाला. पिवळ्यात काळा घातला की तो शेवाळ्यासारखा हिरवट पडतो, हे त्याला कुठून माहीत असणार. मी परत आलेल्या लालाचा एक डबा फोडला आणि पिंपात वाटीभर ओतला. पिवळा लगेच गंभीर झाला. साहेब खूश. आता गावभर जो पिवळा दिसतो, त्यात थोडे आपले बाबा आहेत. हे तिथल्या तुझ्या रेडिओ कार्यक्रमात सांगू नकोस.

बाबांना मात्र मी सांगितलं. हसले नाहीत. म्हणाले, "किती वाटी?"

पक्षाची कचेरी बंद झाली. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आलं आहे. बाबा आणि खजिनदार तरीही रोज सकाळी जातात आणि समोरच्या बाकावर बसतात. खजिनदार म्हणजे तेच, तू ज्यांची टोपी लपवायचास ते. परवा ते म्हणाले, "आत लोक जातात तरी. आपल्या वेळी कोण जायचं?" बाबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा बाकावर.

हे लिहिता लिहिता दोनदा उठले. गॅस बघून आले, बंदच होता. कपाट उघडलं, मिटलं. हल्ली बसवत नाही.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहिलंस, सीमेवरची बंदी उठली, आता मला येता येईल, पण बाबांनी स्वतःच्या हाताने 'चूक झाली' असं लिहून दिलं तर. मी ते बाबांना वाचून दाखवलं. सगळं, काही न गाळता. ते नखं कापत होते. कापत राहिले. मग म्हणाले, "त्याच्या हकालपट्टीचा ठराव आहे. ठराव मागे घ्यायचा तर बैठक हवी. बैठकीला कमीत कमी तीन सभासद हवेत. आपण दोघं आहोत."

"मग?"

"मग काय? कोरम नाही."

भोंग्या, दुसऱ्यांच्या घरात मुलगा बापाशी भांडला की बाप 'चालता हो' म्हणतो आणि संध्याकाळी जेवायला हाक मारतो. आपल्या घरी विषयपत्रिका निघाली. विषय पहिला, पाण्याच्या टाकीचा गळका नळ. विषय दुसरा, तू. दर रविवारी दिवाणखान्यात घरची बैठक भरवायची, अध्यक्ष बाबा, घटना काकांनी रचलेली, मी चिटणीस, हे सगळं लहानपणी आपल्याला खेळासारखं वाटायचं. पंखा कुठे टांगायचा यावर आपण हात वर केलेले आहेत. तू विरोधकांच्या सभेत बाबांचाच भोंगा नेऊन भाषण ठोकलंस आणि त्या दिवसापासून तो खेळ राहिला नाही.

काकांनी ठराव मांडला. बाबांनी हात वर केला, काकांनी केला, आईने केला. मी विरोधात केला. तू बाहेरच्या खोलीत होतास, पण दाराच्या फटीतून बघत होतास, तुझी चप्पल मला दिसत होती. आणि अल्पमताने बहुमताचा निर्णय राबवायचा, या आपल्याच नियमाने तुझी बॅग मीच भरली. मोजे वरच ठेवले होते. सापडले का ते तू कधी कळवलं नाहीस.

काका गेले, आई गेली. सभासद गळत गेले आणि ठराव तसाच उभा राहिला. आता तो मोडायला माणसं नाहीत. असा घोटाळा आपल्याच घरात होऊ शकतो.

तुझी अट मागे घे, असं मी म्हणत नाही. विचार कर, एवढंच म्हणते. आणि उत्तर लवकर दे. घाई का, ते विचारू नकोस.

तुझी
ताई


१९ एप्रिल

प्रिय भोंग्या,

आशीर्वाद. दोघंही ठीक.

तुझं पत्र आलं. ते मी बाबांना वाचून दाखवलं नाही. "मी घरात परत घ्या म्हणून अर्ज करणार नाही, आणि ते मला घेणार की नाही यावर हात वर होण्याची वाट बघणार नाही." वाक्य झकास आहे. रेडिओवर शोभेल. पण हे मला लिहून काय उपयोग? मी तुझ्या बाजूने मत दिलेली एकमेव बाई आहे या घरात. तुम्हा दोघांना भांडायला समोरासमोर माणूस मिळत नाही, म्हणून माझ्या अंगावरून दगड फेकता. नेमही बापाचाच घेतला आहेस.

पुढे विचारतोस, "इतक्या वर्षांत त्यांनी माझं एक वाक्य तरी ऐकलं का?"

ऐकलं. दर गुरुवारी संध्याकाळी. तुझा कार्यक्रम लागायच्या आधी ते खोलीचं दार लावून घ्यायचे, ट्रान्झिस्टर उशीखाली आणि कान उशीवर. तो रेडिओ ऐकणाऱ्यांची नावं कळवा, असं फर्मान आपल्या भागात बाबांच्याच सहीने निघालं होतं, हे तुला आठवत असेल. नावं कळवायची झाली तर पहिलं त्यांचंच कळवावं लागलं असतं. दाराबाहेर आम्हाला ऐकू यायचं. "खोटं! सपशेल खोटं!" थोड्या वेळाने, "आकडा चुकला गाढवाचा." आणि एकदा, अगदी हळू, "हे मात्र बरोबर बोलला." एका हिवाळ्यात ते बाहेर आले आणि आईला म्हणाले, "याचा घसा बसलाय." तेवढंच. आईने तुला मिठाच्या गुळण्या करायला लिहिलं होतं, तेव्हा तू उलट विचारलं होतंस, तुला कसं कळलं म्हणून. असं कळलं.

हे सांगायचं नाही असं ठरलं होतं. सांगितलं. आता ठरवणारे फारसे कोणी उरले नाहीत.

मधल्या काळात मी स्वस्थ बसले नाही. कोरमला एक माणूस कमी, तर एक माणूस वाढवू, असा सरळ हिशेब केला. माझ्या लेकीला सभासद करून घ्यायचं. ती याच घरात वाढली. तिचे वडील गेल्यावर मी तिला घेऊन इथेच परत आले, त्यामुळे ती घरची नाही असं कोणी म्हणू शकत नाही. आता ती तिसऱ्याच देशात आहे हे खरं, पण फोनवर चेहरा दिसतो. बाबांपुढे विषय काढला. ते म्हणाले, "घटनेत मनाई नाही."

रविवारी त्यांनी दाढी केली, कोट चढवला. खजिनदारांना निरीक्षक म्हणून बोलावलं. मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. तिकडे लेक स्वयंपाकघरात होती, केस ओले, हातात ब्रश. तिचं लाकडी सामान दुरुस्त करण्याचं दुकान आहे, ते तुला माहीत आहे.

"आजोबा, कोट कशाला? गरम होत नाही का?"

"बैठक सुरू झाली आहे, नातबाई. अध्यक्षांच्या परवानगीने बोलायचं."

"बरं. अध्यक्ष महाशय, कोट कशाला?"

खजिनदार खो खो हसले. निरीक्षकांना हसण्याचा अधिकार नाही, असं बाबांनी त्यांना सुनावलं. मग मी तिला सभासद करून घेण्याचा ठराव मांडला. मी हात वर केला, बाबांनी केला. मी म्हटलं, झालं, आता तीन झालो, पुढचा विषय घेऊ. बाबा म्हणाले, "नवा सभासद आधी उमेदवार असतो. सहा महिने. तोवर बसायचं, ऐकायचं. मत नाही."

हे त्यांना आधीपासून माहीत होतं. तरी दाढी केली, कोट घातला.

लेक तिकडून म्हणाली, "आजोबा, तुम्ही सरळ मामाला फोन का करत नाही? माझ्याकडे नंबर आहे. आत्ता लावू? तिघं बोलू एकदम."

"तो विषयपत्रिकेवर नाही."

"मग घ्या ना विषयपत्रिकेवर!"

"उमेदवाराने सूचना मांडायची नसते."

"अहो आजोबा, सहा महिने कोण थांबणार? आई तर जूनमध्येच..."

तिथे ती थांबली. मी तांब्यावरचा फोन उचलला. आवाज कापला गेला, बैठक बरखास्त झाली. माझ्या जाण्यायेण्याबद्दल ती काहीतरी बोलून गेली, ते सध्या बाजूला ठेव. महत्त्वाचं हे, की कोरम झाला नाही.

खजिनदार उठताना माझ्या कानाशी म्हणाले, "चिटणीस, तुझा बाप कायद्याला चिकटत नाही गं. कशाला तरी दुसऱ्याला चिकटतोय." मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत. ते म्हणाले, "मला काही माहीत नाही. मी बाकावर बसतो शेजारी, एवढंच."

मला माहीत आहे. पण लिहिताना पेन दुसरीकडेच जातं. बघ, आता इथे बसून रस्त्यावर काय चाललंय ते लिहावंसं वाटतंय. चौकातला पुतळा काढला, चौथरा राहिला आहे, त्यावर पोरं चढून फोटो काढतात. समोरच्या शिवणवालीने दुकानाची पाटी पिवळी केली, तिच्या नवऱ्याने आतल्या बाजूने लाल तशीच ठेवली, दोघं एकमेकांशी न बोलता कपडे शिवतात. घराघरांत असंच आहे. कोणाचा भाऊ बोलत नाही, कोणाची सून माहेरी गेली. आपलं घर यात पहिलं होतं इतकंच. आपण आघाडीवर होतो, असं बाबा म्हणाले असते.

कारखान्यात माझा निरोप समारंभ झाला. खुर्ची आता रिकामी. नव्या मुलाला मी सांगून आले, रंग ट्यूबलाइटखाली जुळवू नकोस, उठ आणि दारात, उजेडात जा. तो मान हलवतो, पण उठत नाही.

तू येणार की नाही, हे एका शब्दात कळव. भाषण नको.

ताई


२ जून

प्रिय भोंग्या,

आशीर्वाद.

तुझा एक शब्द आला. 'बघतो.' हा शब्द कुठल्याही बाजूचा नाही. तुला बापासारखं 'नाही' म्हणता येत नाही आणि आईसारखं 'हो' म्हणता येत नाही. असो.

आता मी सांगायचं ते सांगते. मला फिरवून बोलता येत नाही असं सगळे म्हणतात, आणि मी तीन महिने फिरवते आहे.

मी जाते आहे. या महिन्याच्या वीस तारखेला. लेकीकडे.

नातवंडं सांभाळायला नाही. नातवंडं नाहीत, आणि असती तरी मी त्यांच्यासाठी देश सोडला नसता. मला तिथे काम आहे. तिच्याकडे जुनी कपाटं, दारं, खुर्च्या येतात. एक फळी बदलली की बाकीच्यांशी रंग जुळवावा लागतो. तिने यंत्र आणलं. यंत्र आकडे देतं, पण शंभर माणसांचे हात लागून झिजलेल्या दाराचा रंग त्याला सांगता येत नाही. तिने मला एका फळीचा तुकडा पोस्टाने पाठवला होता, गंमत म्हणून. मी कारखान्यात बसून जुळवून परत पाठवला. तिने फोन केला, "आई, सांधा कुठे आहे तेच सापडत नाहीये." त्या दिवसापासून मी घरात येरझारा घालते आहे. भोंग्या, माझ्या वयाच्या बाईला कोणी 'ये, तुझी गरज आहे' म्हणतं तेव्हा बहुतेक भांडी घासायची असतात. इथे माझा डोळा हवा आहे. मी नाही म्हणणार नाही.

कागदपत्रं झाली आहेत. फेब्रुवारीपासून चाललं होतं. म्हणून घाई. तू आधी आला असतास तर मी निर्धास्त गेले असते, बाबा तुझ्या हवाली करून. तसं जमलं नाही.

फोनवर लेक अर्धं वाक्य बोलली आणि बाबांना पूर्ण कळलं. त्यांना अर्धी वाक्यं पुरतात, आयुष्यभर सभांची इतिवृत्तं लिहून घेतली आहेत त्यांनी. नंतर कित्येक आठवडे माझ्याशी फक्त मीठ आणि पाणी एवढंच बोलणं. मी मनात उत्तरं तयार करत होते. तुम्ही एका मुलाला काढलंत, दुसरी जाते तर अडवता? असलं सगळं. भांडी जोरात आपटत होते.

परवा रविवारी सकाळी ते खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "चिटणीस, बस."

"बैठक आहे? कोरम नाही."

"बैठक नाही. बस."

मी बसले.

"किती दिवसांनी जायचंय?"

"वीस जूनला."

"लेकीच्या दुकानात उजेड कुठून येतो?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"उत्तरेकडून येत असेल तर बरं. तूच सांगतेस ना, दुपारचा उजेड खोटं बोलतो."

इतकी वर्षं मी जेवताना कामाचं बोलायची आणि ते पेपर वाचायचे. ऐकत होते.

मग त्यांनी हात वर केला. घरच्या बैठकीत करतात तसा, कोपर सरळ. मी म्हटलं, "बाबा, कशाला मत देता आहात?"

"तू जाण्याला."

"एका माणसाच्या मताने ठराव होत नाही, तुम्हीच म्हणता."

"हा ठराव नाही. नुसता हात आहे." आणि मग, "खाली घेऊ का? दुखतोय."

मी उठून आत गेले. काय केलं ते लिहीत नाही.

थोड्या वेळाने बाहेर आले आणि म्हटलं, मग त्याच्यासाठी पण नुसता हात वर करा. दोघं करू, तुम्ही आणि मी. काका नाहीत, घटना विचारायला कोणी येणार नाही. आत्ता करून टाकू, मी त्याला तसं लिहिते, तो येईल. बाबांनी मान हलवली. नाही म्हणून.

इथे मला तुला ते सांगायचं आहे, जे मी आईच्या वेळी तारेत लिहिलं नाही आणि नंतरच्या एकाही पत्रात लिहिलं नाही. बैठकीतलं कामकाज बाहेर सांगायचं नसतं, हा बहाणा. खरं म्हणजे तू बाबांना कधीच माफ करणार नाहीस अशी भीती होती.

आई जाण्याच्या आधीच्या रविवारी बैठक होती. आम्ही तिघं. काका आधीच गेले होते, पण तिघांचा कोरम होत होता. सगळे विषय संपले आणि आई म्हणाली, "माझा एक ठराव आहे." आईने आयुष्यात ठराव मांडला नव्हता. ती नेहमी चहा ठेवायला उठायची आणि मतदानापुरती आत यायची. ती म्हणाली, "मुलाला परत घ्यावं." बाबा म्हणाले, तेव्हा तूच हात वर केला होतास. आई म्हणाली, "तेव्हा पोलीस गल्लीत येऊन त्याची चौकशी करून जात होते. तेव्हा हात वर केला तो त्याने जावं म्हणून. तो गेला, जगला. आता हात वर करते तो त्याने यावं म्हणून."

मी तिला दुजोरा दिला. दोन हात होते, भोंग्या. बहुमत होतं. नुसतं अध्यक्षांनी मतदान पुकारायचं बाकी होतं.

बाबांना पक्षाच्या सभेला जायचं होतं. खाली गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ते उठले, म्हणाले, "विषय गंभीर आहे, घाईत नको. पुढच्या रविवारी घेऊ." आई म्हणाली, "चालेल." बैठक तहकूब झाली. गुरुवारी आई भाजी आणायला गेली आणि बाजारातच खाली बसली, ती उठली नाही. पुढचा रविवार आला तेव्हा आम्ही दोघंच उरलो होतो.

एवढंच. ते त्या सभेत काय बोलले, हे आज त्यांनाही आठवत नाही. मी विचारलं होतं.

तर मी परवा म्हटलं, करून टाकू दोघांत. ते म्हणाले, "तो ठराव तिचा आहे. आज दोन मिनिटांत मंजूर केला, तर तेव्हा दोन मिनिटं का दिली नाहीस, याचं उत्तर मला द्यावं लागेल."

"कोणाला, बाबा? कोणाला द्यायचंय उत्तर?"

ते चष्मा पुसत राहिले. तो स्वच्छच होता.

तू त्यांच्याकडून 'चूक झाली' असं लिहून मागतोस. पक्षाबद्दल ते कधी लिहून देणार नाहीत. त्यांचा अजूनही विश्वास आहे, आणि खरं सांगू, त्यातलं सगळंच खोटं होतं असं मलाही वाटत नाही. तुझ्या पिवळ्या लोकांनी परवा शिक्षकांच्या मोर्चावर पाणी मारलं, ते तुझ्या रेडिओवर ऐकलं नाही मी. वाट बघत होते. बाबाही बघत होते. कान उशीवरच होता.

पण दुसऱ्या चुकीचा कागद मागू नकोस. ती त्यांना कळली आहे. ती ते रोज वाचतात. तू त्यांना कोरममधून सोडवू शकत नाहीस, मीही नाही, सहा महिन्यांनी लेकीला मत मिळालं तरी तीही नाही. ते ज्या तिसऱ्या माणसाची वाट बघत आहेत, ती आई आहे, आणि ती येणार नाही. त्यांना ठरावाशिवाय भेटायचं कसं ते येत नाही. तुलाही येत नाही. कोणाला तरी आधी शिकावं लागेल आणि ते ऐंशीच्या पुढे आहेत.

मी तुला 'ये' म्हणत नाही. ते तू मला म्हणू दिलं नाहीस आणि आता माझी वेळ संपली. मी फक्त इथली व्यवस्था सांगते. खजिनदार सकाळी येतील. दुपारचं जेवण समोरची शिवणवाली देईल, नवऱ्याशी बोलत नसली तरी बाबांशी बोलते. शर्ट ते स्वतः धुतात, बटणं मी सगळी पक्की केली आहेत. औषधाचं त्यांना कळतं, ते मुद्दाम विसरतात. संध्याकाळचं मात्र काही ठरलेलं नाही. संध्याकाळी ते एकटे असतील. मी खूप विचार केला, संध्याकाळचं कोणीच मिळालं नाही.

मला अपराधी वाटतं का, असं लेकीने विचारलं. मी म्हटलं, वाटतं, बॅगेत जागा आहे, घेऊन येते.

या पत्राचं उत्तर मला पाठवू नकोस. मी इथे नसेन, आणि तुमच्या दोघांच्या मधली जागा मी सोडली आहे. लिहायचं तर बाबांना लिही, त्यांच्या नावाने, त्यांना वाचता येतं. नाहीतर स्वतःच ये. घंटा वाजव आणि लगेच परत फिरू नकोस. त्यांना ऐकू येतं, पण खुर्चीतून उठायला वेळ लागतो, आणि उठताना कोणी हात दिलेला चालत नाही. आत काठीचा आवाज येईल, मग थांबेल, मग पुन्हा येईल. मधे थांबला म्हणून समजू नकोस की दार उघडायचं नाही. ते येत असतात. तू तेवढा वेळ बाहेर उभा राहा.

तुझी
ताई